खुराड्यातली ओल

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आगोट जवळ आली की आमच्या कोकणात घरोघरी बेगमी सुरू होते. लाकडं पडवीत भरून होतात, मिठाची पिशवी फळीवर चढते, पश्चिमेच्या भिंतीला झावळ्यांची झापं बांधून होतात. माणसांचं होतं, गुरांचं होतं. कोंबड्यांचं मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही. कोंबडी काय, राहते कुठेही, असं आपण धरून चालतो. मीही तसंच धरून चालले होते आणि त्याची किंमत मला मोजावी लागली. खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा दुसऱ्याच बाईला मोजावी लागली. म्हणूनच आज परसातल्या कोंबड्यांचा चिखल आणि खुराड्यातली ओल, एवढ्याच विषयावर मी बोलणार आहे.

मी लांजा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, २०१८ साली निवृत्त झाले आणि परसदारी वीस कोंबड्या पाळल्या. काही गावठी, काही गिरिराज. खुराडं आठ फूट बाय दहा फूट, आणि त्याला लागून बारा बाय पंधरा फुटांचं जाळीचं अंगण. मुंगूस आणि कुत्री फार, म्हणून कोंबड्या मोकळ्या सोडता येत नाहीत. उन्हाळ्यात हे सगळं इतकं छान दिसत होतं की येणाऱ्याजाणाऱ्याला मी मुद्दाम मागच्या दारी नेऊन दाखवायची.

आमच्या वाडीत एक काकी आहेत. एकट्या असतात. अंड्यांचे पैसे हाच त्यांचा हातखर्च. नातीच्या वह्या त्यातूनच, गुडघ्याचं औषध त्यातूनच, देवळातली वर्गणीही त्यातूनच. २०१९ च्या मे महिन्यात त्यांनी आपली खुडूक कोंबडी अंड्यांसकट माझ्याकडे आणून बसवली. म्हणाल्या, ‘‘बाय, तुझ्याकडे जागा आहे, जाळी आहे. निम्म्या वाट्यानं सांभाळ. माझ्याकडची पिल्लं घार नेते.’’ तेरा पिल्लं निघाली. जुलैच्या मध्यावर ती पाच आठवड्यांची झाली आणि मग सहा दिवसांत त्यातली नऊ गेली. पिल्लू कोपऱ्यात पंख पाडून, मान आखडून बसायचं, विष्ठेत रक्त दिसायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते आडवं झालेलं असायचं.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मी एक मेलेलं पिल्लू घेऊन गेले. डॉक्टरांनी ते उघडून दाखवलं. कोंबडीच्या आतड्याच्या शेवटाकडे दोन लांबट पिशव्या असतात, त्या रक्तानं टम्म भरलेल्या होत्या. रक्ती हगवण. शास्त्रीय नाव कॉक्सिडिओसिस. औषध त्यांनी दिलंच, पण त्याआधी एक प्रश्न विचारला, ‘‘बाई, पिल्लांच्या पायाखाली काय आहे?’’ मी म्हटलं, चिखल. ते म्हणाले, ‘‘मग औषध देऊन मी आज पिल्लं वाचवीन, उद्याचं काय?’’

त्यांनी समजावलेली गोष्ट मी तुम्हाला सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. या रोगाचा अतिसूक्ष्म जीव कोंबडीच्या विष्ठेतून अंड्यासारख्या कवचात बाहेर पडतो. पण बाहेर पडतो तेव्हा तो कच्चा असतो. ती ताजी विष्ठा दुसऱ्या पिल्लानं टोचली, तरी लगेच काही होत नाही. ते कवच पिकावं लागतं. पिकायला लागते ओल, ऊब आणि हवा. पंचवीस ते तीस अंश तापमान आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत ते पिकतं आणि मग ते पोटात गेलं की रोग. आता कोकणातला जुलै आठवा. ऊब आहे, हवा आहे आणि ओलीला तर तोटाच नाही. हा रोग कुणी बाहेरून आणला नव्हता. थोड्याफार प्रमाणात तो जीव जवळजवळ प्रत्येक कोंबडीच्या अंगणात असतो. मी त्याला पिकायला जागा करून दिली होती.

फिनाईल टाकून हे कवच मरत नाही. कडक ऊन आणि कोरडेपणा यांनी मरतं. पावसाळ्यात ऊन आपल्या हातात नाही, कोरडेपणा मात्र बऱ्याच प्रमाणात हातात आहे. आणखी एक. थोडा थोडा संसर्ग झालेली पिल्लं पुढे त्या जातीच्या जीवाला दाद देत नाहीत, त्यांच्या अंगात प्रतिकारशक्ती येते. म्हणजे खुराडं प्रयोगशाळेसारखं स्वच्छ हवं असं मुळीच नाही. एकाच वेळी फार जीव पोटात जाऊ नयेत, एवढंच पाहायचं.

औषधाबद्दल एक सूचना इथेच देऊन टाकते. या रोगावर पाण्यातून देतात ते अँप्रोलियम हे औषध त्या जीवाला ‘ब-एक’ जीवनसत्त्व मिळू देत नाही, त्यावरच त्याचं काम चालतं. आपल्याकडे पिल्लू आजारी दिसलं की त्याच पाण्यात ‘ब’ जीवनसत्त्वाचं टॉनिक घालायची सवय असते. मी घातलं होतं. एका हातानं द्यायचं आणि दुसऱ्या हातानं काढून घ्यायचं, तसला तो प्रकार झाला. औषधाचं प्रमाण आणि दिवस डॉक्टरांनाच विचारावेत.

आता चिखलाकडे येऊ. पहिल्या पावसाळ्यात मी काय केलं, तर चिखल दिसला की त्यावर भुसा टाकला. भुसा चिखलात गेला की पेंढा टाकला. पेंढा कुजला की पातेरा टाकला. जुलैअखेर अंगणात ढोपरभर राड झाली. वरून कोरडी दिसायची, पाय टाकला की आत फसायचा आणि वास असा की स्वयंपाकघराची मागची खिडकी उघडता येत नसे. चिखलावर जे टाकाल त्याचा चिखलच होतो, हे मला कळायला एक पावसाळा गेला.

आधी विचारायचं ते हे, की पाणी येतं कुठून? मी आयुष्यभर मुलांना गणितं घातली, पण हे गणित घरात कधी केलं नव्हतं. एक मिलीमीटर पाऊस एक चौरस मीटर जागेवर पडला की ते एक लिटर पाणी होतं. आमच्या भागात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एका दिवसात शंभर मिलीमीटर ही काही नवलाची गोष्ट नाही. कोंबड्यांचं अंगण एकशे ऐंशी चौरस फूट, म्हणजे सुमारे सतरा चौरस मीटर. तेव्हा शंभर मिलीमीटरच्या दिवशी त्यावर आकाशातून पडलं सतराशे लिटर. पण घराच्या कौलांचा मागचा उतार तीस फूट बाय पंधरा फूट, म्हणजे बेचाळीस चौरस मीटर. त्याच्या पागोळ्या थेट कोंबड्यांच्या अंगणात! ते पाणी झालं बेचाळीसशे लिटर. दोनशे लिटरची एकवीस पिंपं, एका दिवसात, मीच माझ्या हातानं ओतल्यासारखी. वर आकाशाला नावं ठेवत होते.

ही पागोळ्यांची गोष्ट शंभरातल्या ऐंशी घरी आढळेल. खुराडं घराच्या वळचणीलाच बांधायची आपली रीत आहे. जवळ असतं, रात्री आवाज आला तर कळतो, एक भिंत आयती मिळते. रीत चांगलीच आहे, फक्त वळचणीला पन्हळ हवी. आम्ही प्लॅस्टिकची सहा इंची पाइप उभी चिरून लावली. पूर्वी पोफळीचं खोड चिरून, कोरून पन्हळ करत, तीही चालते, दोन-तीन पावसाळे टिकते. पन्हळीला एका टोकाकडे थोडा उतार द्यायचा आणि पाणी लांब माडाच्या आळ्यात सोडायचं. शेजाऱ्याच्या हद्दीत सोडू नका. पाण्याच्या वाटेवरून आमच्याकडे सख्ख्या भावांचं बोलणं तुटलेलं मी पाहिलं आहे.

दुसरं पाणी जमिनीवरून येतं. आमचं परस उतारावर आहे. वरच्या अंगाला गडगा, त्यापलीकडे काजूची बाग. गडगा म्हणजे नुसते रचलेले दगड, त्यातून पाणी झिरपून सरळ खाली येतं. त्यासाठी अंगणाच्या वरच्या बाजूला, गडग्यापासून तीन हात सोडून, एक चर काढला. फूटभर रुंद, दीड फूट खोल, अंगणाला वळसा घालून दोन्ही बाजूंनी खाली उतरणारा. गडग्याच्या बुडाशी चर खणू नये, गडगा बसतो.

माझ्या भाच्यानं शोषखड्डा सुचवला होता. तो देशावर राहतो, तिकडे ते चालत असेल. आमच्याकडे वर हातभर माती आणि खाली कातळ. खड्डा खणला, दगडगोटे भरले आणि मृगाच्या तिसऱ्या दिवशी त्याची विहीर झाली. त्यात बेडूक आले, बेडकांमागून दिवड आलं. तुमच्या जमिनीचं काय, ते ओळखायची सोपी रीत आहे. पावसाआधी फूटभर खोल खड्डा खणा, दोनदा पाण्यानं भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी संध्याकाळपर्यंत तसंच उभं असेल, तर ती जमीन पाणी पिणारी नाही. तिथे पाणी मुरवायचा नाद सोडून ते वाहून न्यायचाच विचार करायचा. उतार थोडासा पुरतो. दहा फुटांना तीन इंच असला तरी पाणी थांबत नाही.

पाण्याच्या दोन्ही वाटा तोडल्यावर मग अंगणाची जमीन. हे काम मार्च-एप्रिलमध्ये करायचं. आम्ही आधी वरची चार इंच राड खरवडून काढली आणि सगळी माडांच्या बुडात घातली. खाली घट्ट जमीन लागली. दाराजवळच्या भागात, जिथे कोंबड्यांची सगळ्यांत जास्त ये-जा असते, तिथे जांभ्याचे चिरे घडवताना निघालेले तुकडे सहा इंच भरले. वर दोन इंच खडी. तिच्यावर जुनी हिरवी जाळी दुहेरी करून अंथरली आणि जाळीवर तीन इंच नदीची जाड रेती. मधली जाळी नसेल तर रेती खडीत उतरते आणि दोन महिन्यांत पुन्हा खडीच दिसू लागते. खडीवर कोंबडीला चालायला लावू नये. तिचं तळपाय फाटतं, त्यात घाण शिरते, गळू होतं आणि ती लंगडते. गिरिराजसारख्या वजनदार कोंबडीला हा त्रास जास्त. समुद्राची वाळू फुकट मिळते म्हणून आणू नका. तिच्यातलं मीठ हवेतली ओल ओढतं, ती पावसाळ्यात कधी सुकतच नाही आणि ते खारं कोंबड्यांच्या पोटात जातं ते वेगळंच.

लाल मातीच्या मुरमाबद्दल लोक सांगतात. कडक, खडेदार मुरूम मिळाला तर ठीक. नाहीतर मातीच जास्त असते आणि कोंबड्यांनी आठ दिवस उकरलं की त्याचा लाल गारा होतो. सगळ्या अंगणाला खडी-रेती घालणं मला परवडणारं नव्हतं. उरलेल्या जागेत मी नारळाची सोडणं पालथी घालून दाटीनं बसवली. वर पातेरा. सोडणं पाण्यावर उचललेली राहतात, खालून पाणी निघून जातं, आणि दोन वर्षांनी ती कुजली की माडालाच परत जातात. मात्र काथ्या काढल्यावर उरणारा मऊ भुसा वेगळा, तो आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतो. रोपवाटिकेत तो सोन्यासारखा, खुराड्यात वैरी.

जाळीच्या अर्ध्या अंगणावर जुने पत्रे घातले. सगळ्यावर घालायला पैसे नव्हते, आणि त्याची गरजही नाही. पाऊस थांबला की कोंबड्या उघड्या भागात जातात, सर आली की पत्र्याखाली येतात. हिरव्या शेडनेटनं पाऊस अडत नाही. थेंबाचे तुषार होतात, एवढंच.

आता खुराड्याच्या आतलं. इथे पाऊस येत नाही, तरी ओल असते. ती कुठली? ती कोंबडीचीच. ढोबळ हिशेब करा. एक गावठी कोंबडी दिवसाला ऐंशी-नव्वद ग्रॅम विष्ठा टाकते आणि तिच्यात तीन हिस्से पाणीच असतं. वीस कोंबड्या म्हणजे रोज सव्वा लिटरच्या आसपास पाणी जमिनीवर पडतं, शिवाय त्यांच्या श्वासातली वाफ वेगळी. उन्हाळ्यात ते उडून जातं, पावसाळ्यात हवाच ओली असल्यामुळे उडत नाही. म्हणून तळाला शोषून घेणारं आणि हळूहळू सोडणारं काहीतरी लागतं. यालाच गादी म्हणतात.

गादीला आमच्याकडे भाताचं तूस सगळ्यांत बरं. पण तूस कुठल्या गिरणीचं, ते पाहा. जुन्या हलरच्या गिरणीत तूस आणि कोंडा एकत्रच बाहेर पडतो. कोंड्यात तेल आणि पीठ असतं, त्याला ओल लागली की बुरशी येते, किडे होतात. नवीन गिरणीत तूस वेगळं पडतं, ते घ्यावं. हातात घेतलं तर तळव्याला पीठ लागता कामा नये. सुताराकडचा रंध्याचा चुरा चांगला, करवतीचा बारीक भुसा तितका नाही. तो पाणी धरून बसतो आणि लहान पिल्लं तो खातात. पेंढा तसाच टाकला तर त्याची चटई होते. कोयत्यानं बोटभर तुकडे केले तर चालतो.

आमच्या आठ बाय दहाच्या खुराड्यात चार इंच गादी करायला सात-आठ पोती तूस लागतं. तेवढंच आणखी पडवीत वर फळीवर ठेवून द्यायचं. श्रावणात तूस मागायला गेलात तर गिरणीवाला हसतो. तेव्हा गिरणीच बंद असते आणि जे असतं ते ओलं असतं. म्हणून मी म्हटलं, बेगमी.

गादी घालून विसरायची वस्तू नव्हे. ती हलवावी लागते. दाताळ्यानं दिवसाआड वरखाली करायची. याला एक युक्ती आहे. रोज दुपारी दोन मुठी कणी किंवा नाचणी गादीवर फेकायची. वीस कोंबड्या अर्ध्या तासात सगळी गादी उकरून देतात, आपली पाठ वाचते. पाण्याच्या भांड्याभोवती मात्र गादीचा पापुद्रा जमतोच. तो रोजच्या रोज उचलून बाहेर टाकायचा आणि त्या जागी मूठभर कोरडं तूस. भांडं विटांवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला ठेवलं तर सांडणं निम्म्यानं कमी होतं. माझं भांडं पहिल्या वर्षी जमिनीवर होतं आणि कोंबड्या त्यात पाय देऊन उभ्या राहत. बदकं पाळायची हौस असेल तर खुशाल पाळा, पण कोंबड्यांच्या खुराड्यात नको. दोन बदकं वीस कोंबड्यांच्या गादीचा एका रात्रीत सत्यानाश करतात.

गादी ओली किती, हे हातानं कळतं. मूठभर घ्या, घट्ट दाबा, मूठ उघडा. लाडू तसाच राहिला तर ओल फार झाली. अजिबात चिकटलं नाही, धूळच उडाली, तर फार कोरडी, आणि त्या धुळीनं कोंबड्या शिंकतात. जरा चिकटून लगेच फुटलं की बरोबर. दुसरी परीक्षा नाकाची. पण उभं राहून नाही. आपलं नाक पाच फुटांवर, कोंबडीचं एक फुटावर. सकाळी दार उघडल्याबरोबर खाली बसायचं आणि तिथे श्वास घ्यायचा. डोळे चुरचुरले तर कोंबड्यांचे रात्रभर चुरचुरले आहेत असं समजावं.

वासावर लोक चुना मारतात. चुन्याचं काम आहे, पण क्रम उलटा करू नका. ओल्या विष्ठेवर चुना पडला की अमोनिया आणखी जोरात सुटतो. आधी वासानं नुसतं बसवत नसतं, मग डोळ्यांतून पाणी येतं. म्हणून आधी ओली गादी काढायची, मग विरलेल्या चुन्याची भुकटी पातळ भुरभुरायची, दाताळ्यानं मिसळायची, वर कोरडं तूस घालायचं. तोवर कोंबड्या बाहेर आणि दार उघडं. चुलीची राख ओल्या जागी टाकू नये, तिचं खारं पाणी पायांना झोंबतं. राख कोरड्या पाटीत ठेवावी, तिच्यात कोंबड्या अंग घोळतात आणि उवा-पिसवा जातात.

रात्री बसायच्या दांडीखाली मी आता पत्र्याची एक फळी ठेवली आहे. कोंबडीची बरीचशी विष्ठा रात्री दांडीखालीच पडते. सकाळी ती फळी खरवडून बाहेर टाकली की पाच मिनिटांत मोठी ओल गेली. आणि मघाशी सांगितलेलं रक्ती हगवणीचं गणित आठवतं ना? पिकायला एक-दोन दिवस लागतात. रोज उचललेल्या विष्ठेला पिकायला वेळच मिळत नाही. माझ्या मते या सगळ्या खटाटोपात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त उपयोगाचं काम हेच.

माझी आणखी एक चूक सांगते. पहिल्या वर्षी आडवा पाऊस आत येऊ नये म्हणून मी खुराड्याच्या चारही बाजूंना निळा ताडपत्रीचा कागद वरपासून खालपर्यंत घट्ट बांधला होता. सकाळी आतल्या बाजूनं कागदावरून पाण्याच्या धारा. मला वाटलं, गळतंय. गळत नव्हतं, ती आतलीच वाफ थिजत होती. कोंबडीला गारठ्यापेक्षा कोंदटपणा जास्त बाधतो. आता पश्चिम आणि दक्षिणेकडून झापं आहेत, कारण आमचा पाऊस तिकडून येतो, पण छपराखाली सगळीकडे हातभर जागा उघडी आहे, फक्त जाळी लावलेली. आणि छप्पर भिंतीच्या तीन फूट पुढे काढलं आहे. उघडी जागा कोंबड्या बसतात त्याच्या वर असावी, म्हणजे वारा त्यांच्या अंगावरून न जाता डोक्यावरून जातो.

खाद्याचं थोडक्यात. ओलसर मका आणि शेंगदाण्याची पेंड यांना येणारी बुरशी विषारी असते, ती धुऊन किंवा भाजून जाते असं समजू नये. पावसाळ्यात पंधरा दिवसांचंच खाद्य आणावं, डबा जमिनीपासून उंच ठेवावा, वास आला तर जीव कळवळला तरी टाकून द्यावं. पावसाळ्यात अंडी कमी होतात, त्याचं खापर सगळं ओलीवर फोडू नका. ढगांमुळे उजेड कमी असतो, काही कोंबड्या पिसं टाकतात. चिखलानं होतं ते असं, की अंडी मळतात आणि मळकं अंडं पाण्यानं धुतलं की त्याच्यावरचा राखणारा पातळ थर जातो. गार पाण्यात तर घाण सालीतून आत ओढली जाते. दारापासून अंडी घालायच्या पाटीपर्यंत आठ-दहा पावलं कोरडी रेती असली की पाय वाटेतच पुसले जातात, अंडं धुवायची वेळच येत नाही.

काकींचं सांगायचं राहिलं. नऊ पिल्लं गेल्यावर मी त्यांच्याकडे गेले. पैसे घेऊन गेले होते. त्यांनी पैशाला हात लावला नाही. विचारलं, ‘‘उरल्या त्यांत तलंगा किती?’’ म्हटलं, दोन. थोडा वेळ गप्प राहून म्हणाल्या, ‘‘कोंबडी चिखलात कधी राहत नाही, बाय. उकिरड्यावर राहते. उकिरडा आतून गरम असतो, कोरडा असतो.’’ डॉक्टरांनी, पुस्तकांनी गादीबद्दल मला जे पुढे सांगितलं ते सगळं त्या एका वाक्यात होतं. मी मात्र तेव्हा ते समजून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हते.

जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला, त्या आठवड्यात आमच्याकडेही पावसानं उसंत दिली नव्हती. वीज नव्हती, रस्ता बंद होता. चर तुडुंब वाहत होता, पन्हळीचं पाणी माडाखाली तळ्यासारखं साचलं होतं. मी इरलं घेऊन मागच्या दारी गेले, खुराड्यात खाली बसले, तुसाची मूठ दाबली आणि उघडली. लाडू फुटला. आत काकींनी त्या वर्षी पुन्हा निम्म्या वाट्यानं दिलेली अकरा पिल्लं होती. त्यांतलं एक सापानं नेलं, दहा मोठी झाली. त्यांतल्या पाच काकींकडे गेल्या.

गादी काढायची ती नवरात्रानंतर, ऑक्टोबरचं ऊन तापू लागलं की. सगळी एकदम काढू नका. खालची दोन बोटं जुनी गादी ठेवून वर नवं तूस घातलं तर ती लवकर लागू होते. रोग झाला असेल त्या वर्षी मात्र पूर्ण काढावी आणि खुराड्याची जमीन आठ दिवस उन्हात मोकळी ठेवावी. निघालेला माल लगेच झाडाला घालू नये, कढत असतो, मुळं जळतात. दोन महिने झाकून ढीग लावावा. आमच्या ढिगावर दुपारी कोंबड्या चढून बसलेल्या असतात, त्यांना हाकलायचं मी आता सोडून दिलं आहे.